आई-बाबा, मुलं आणि एक दिवस: म्युनिकहून सहल कशी आखावी

आई-बाबा पहिल्यांदा म्युनिकला आले तेव्हा पहिल्याच शनिवारी आम्ही त्यांना नॉयश्वानश्टाइनचा राजवाडा दाखवायला घेऊन गेलो. घरातून निघायला उशीर झाला. फ्युसेनपर्यंत दोन तास गाडी, पुढे बस, आणि तिकीटघराशी पोचलो तर त्या दिवसाची तिकिटं संपलेली. तिकिटं आधी काढायची असतात हे मला ठाऊक होतं, पण राहून गेलं. निदान बाहेरून तरी बघू म्हणून चढायला लागलो. अर्ध्या चढावर आईचा गुडघा दुखायला लागला, तीन वर्षांचा धाकटा झोपेला आला आणि रडू लागला. आई म्हणाली, "तुम्ही जाऊन या गं, मी बसते इथेच." आम्ही सगळेच खाली परतलो. गाडीत ती मला समजावत राहिली, "छान होतं की, डोंगर किती हिरवे!" तेव्हा मला तिच्याकडे बघवेना.

त्यानंतर दोन वेळा आई-बाबा आले, एकदा सासूबाई-सासरे आले, आणि त्या सगळ्या उन्हाळ्यांत मिळून आम्ही बऱ्याच सहली केल्या. त्यातून एक रीत बसली. आमच्यात जो सगळ्यांत हळू चालतो, त्याच्या पावलांनी दिवस मोजायचा. एका दिवसाला एकच ठिकाण. 'एवढ्या लांब आलोच आहोत तर तेही बघून घेऊ' हे वाक्य घराच्या दाराशी ठेवून निघायचं. त्या रीतीतल्या पायऱ्या इथे लिहिते आहे. म्युनिकमध्ये किंवा आसपास राहणाऱ्या आणि घरी पाहुणे येणार असलेल्या मराठी कुटुंबांना त्यांचा उपयोग व्हावा.

पायरी १: आधी माणसं, मग ठिकाण

नकाशा उघडण्याआधी कागदावर तीन गोष्टी लिहा. ज्येष्ठांना सपाट रस्त्यावर न बसता किती वेळ चालता येतं, चढ किती झेपतो, आणि लहान मूल दुपारी कधी झोपतं. "मला काही होत नाही, तुम्ही म्हणाल तिथे येते" हे आपल्या आयांचं ठरलेलं उत्तर आहे. ते प्रेमाचं उत्तर असतं, त्यावरून अंतर ठरवू नका. चालून बघा.

त्यासाठी आम्ही वेस्टपार्कला जातो. विमानप्रवासाचा शीण उतरला की तिसऱ्या-चौथ्या दिवशी, यू-बानने म्हणजे शहरातल्या मेट्रोने. १९८३ च्या आंतरराष्ट्रीय उद्यान प्रदर्शनासाठी ही बाग तयार झाली. त्यातला नेपाळी लाकडी पॅगोडा आणि पाण्यातला थाई मंडप अजून तिथेच आहेत. रस्ते रुंद, बाकं भरपूर, प्रवेश मोफत. बुद्धाच्या मूर्तीपाशी आई आपसूक चप्पल काढून उभी राहिली, आणि परक्या शहरात तिला पहिली ओळखीची जागा मिळाली. तिथे घड्याळ लावून बघितलं तेव्हा कळलं की सपाटीवर ती चाळीस मिनिटं आरामात चालते, चढावर मात्र दहा मिनिटांनी थांबावं लागतं. पुढची प्रत्येक सहल या दोन आकड्यांवर ठरली.

डोंगराकडे जाणार असाल तर वाटेवरच्या पिवळ्या पाट्या वाचायला शिका. त्यांवर लिहिलेला वेळ न थांबता चालणाऱ्याचा असतो, त्यात विश्रांती धरलेली नसते. मुलं सोबत असतील तर त्याची दीडपट करा, आजी-आजोबा असतील तर दुप्पट. निळा ठिपका म्हणजे सोपी वाट, लाल म्हणजे मध्यम, काळा म्हणजे अवघड. ज्येष्ठ सोबत असताना निळ्याच्या पुढे जाऊ नये. इंटरनेटवर वाट शोधताना दोन जर्मन शब्द कामाला येतात. 'किंडरवागनटाउग्लिश' म्हणजे बाबागाडी नेता येईल अशी, आणि 'बारियरफ्राय' म्हणजे पायऱ्या-अडथळे नसलेली. बाबागाडी जिथे जाते तिथे दुखरा गुडघाही बहुतेक जातो.

पायरी २: दिवस ठरवणं

नव्याने आलेल्यांनी आधी लक्षात घ्यायचं ते हे की रविवारी आणि सणाच्या सुट्टीला दुकानं बंद असतात, आणि इतर दिवशीही रात्री आठला मिटतात. म्हणजे रविवारच्या सहलीचं दूध, ब्रेड, फळं शनिवारी घरात हवीत. विसरलंच तर म्युनिकच्या मुख्य स्थानकातली दुकानं उघडी असतात.

आई-बाबांना बोलवायला मे ते सप्टेंबर हा काळ चांगला. जूनच्या शेवटी सूर्य रात्री सव्वानऊनंतर मावळतो, त्यामुळे उशिरा निघालं तरी दिवस पुरतो. डिसेंबरात तो साडेचारच्या आतच बुडतो. ख्रिसमसचे बाजार बघायला पाहुणे आले असतील तर दुपारी निघून संध्याकाळी सातच्या आत घरी, एवढंच झेपतं.

मुलं शाळेत जायला लागली की सगळं वेळापत्रक शाळेच्या हाती जातं. इथे शाळेला हजर राहणं कायद्याने बंधनकारक आहे. विमानाचं तिकीट स्वस्त पडतं म्हणून सुट्टीच्या दोन दिवस आधी मुलांना भारतात न्यायचं ठरवलं तर दंड होऊ शकतो. सुट्टीच्या तोंडावर बव्हेरिया या इथल्या राज्यातल्या विमानतळांवर पोलिसांनी अशी कुटुंबं तपासल्याच्या बातम्याही येऊन गेल्या आहेत. तेव्हा आजी-आजोबांच्या भेटीत पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणाची दोन आठवड्यांची सुट्टी किंवा ऑगस्ट येईल असं बघा, आणि त्या सुट्टीत शनिवार-रविवार सोडून मंगळवार-बुधवारी बाहेर पडा. त्याच तळ्यावर निम्मी गर्दी असते.

शुक्रवारी संध्याकाळी दोन गोष्टी तपासायच्या. एक, रुळांची कामं. शनिवार-रविवारी एस-बानचा, म्हणजे उपनगरी गाड्यांचा, शहरातला मुख्य मार्ग किंवा एखादा प्रादेशिक मार्ग बंद ठेवून बदली बस सोडतात. ॲपमध्ये 'शीनेन-एरझात्स-फेरकेर' असं दिसलं की ज्येष्ठांना घेऊन तो मार्ग घेऊ नका, बसच्या चढउतारातच त्यांचा दम संपतो. दुसरी, हवा. जर्मन हवामान खात्याचं वॉर्नवेटर नावाचं ॲप आहे. उन्हाळ्यात आल्प्समध्ये वीजवादळं दुपारनंतर येतात, म्हणून डोंगरावर जायचं तर सकाळीच, आणि दोन-तीन वाजेपर्यंत खाली यायच्या बेताने.

पायरी ३: तिकिटं

दोन तिकिटं समजून घेतली की बाकीचं सोपं होतं.

पहिलं बायर्न-टिकीट. एका माणसाची मूळ किंमत आणि पुढच्या प्रत्येकासाठी थोडी भर, असं जास्तीत जास्त पाच जणांचं. बव्हेरियातल्या सगळ्या प्रादेशिक गाड्या, एस-बान, यू-बान, ट्राम आणि बहुतेक बस त्यात येतात. आयसीई आणि आयसी या लांबच्या वेगवान गाड्या येत नाहीत. सोमवार ते शुक्रवार ते सकाळी नऊपासून चालतं, शनिवारी, रविवारी आणि सुट्टीला मध्यरात्रीपासूनच. दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी पहाटे तीनपर्यंत. प्रवाशांची नावं तिकिटावर लिहावी लागतात आणि तपासनीस ओळखपत्र मागतो. सीमेपलीकडे ऑस्ट्रियातल्या साल्झबर्ग आणि कुफश्टाइन स्थानकांपर्यंतही ते चालतं. मात्र साल्झबर्ग शहरातल्या बसला वेगळं तिकीट लागतं.

दुसरं डॉइचलांड-टिकीट. मे २०२३ मध्ये ते महिना ४९ युरोला सुरू झालं, जानेवारी २०२५ पासून ५८ आणि जानेवारी २०२६ पासून ६३ युरो झालं. देशभरच्या प्रादेशिक आणि शहरी गाड्या त्यात येतात. ते एकेका माणसाच्या नावावर असतं, दुसऱ्याला वापरता येत नाही. आई-बाबा दोन-तीन महिने राहणार असतील तर त्यांना हे काढून द्यावं असं माझं ठाम मत आहे. पैशाचा हिशोब जुळतोच, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्यांना मोकळीक मिळते. आपण कामावर गेलो की बाबा एकटे ट्रामने शहरभर हिंडू लागले. दर वेळी मुलीकडे तिकिटाचे पैसे मागायचा संकोच त्यांना उरला नाही. लक्षात ठेवायचं एवढंच की ही वर्गणी आहे. महिन्याच्या दहा तारखेपर्यंत रद्द केली तर त्या महिन्याअखेर थांबते, अकराव्या दिवशी आठवलं तर पुढचा महिनाही गेला.

सहा वर्षांखालच्या मुलांना या गाड्यांत तिकीट लागत नाही. डॉइचलांड-टिकीट असलेल्या पालकांसोबत सहा वर्षांवरचं मूल मात्र फुकट येत नाही, त्याचं वेगळं काढा. आयसीईने लांब जाणार असाल तर सहा ते चौदा वयाची मुलं मोठ्यांबरोबर मोफत येतात, पण आरक्षण करताना त्यांची नोंद तिकिटावर व्हायला हवी. लहान मुलांसाठी वेगळा डबा किंवा जागा असते, ती मागून घ्या. शांततेचा डबा मात्र टाळा.

पायरी ४: ठिकाण

इथे मी सविस्तर लिहिते, कारण चूक इथेच होते.

पहिल्या दोन आठवड्यांत शहरापासून लांब जाऊच नका. यू-बानच्या टालकिर्शेन स्थानकाला उतरलं की हेलाब्रुन प्राणिसंग्रहालय आहे, १९११ पासूनचं, इझार नदीच्या काठचं. धाकट्यासाठी आणि बाबांसाठी सारख्याच आनंदाचं. पाऊस असेल तर नदीतल्या बेटावरचं डॉइचेस म्युझियम. तळघराशी मुलांसाठी स्वतंत्र दालन आहे, तिथे एक मोठं माणूस मुलांपाशी थांबेल आणि बाकीचे विमानं बघतील. रविवारी आल्टे पिनाकोथेकसारख्या सरकारी चित्रसंग्रहालयांचं तिकीट एक युरो असतं. इतक्या कमी पैशांत तासाभराने बाहेर पडलं तरी हळहळ वाटत नाही, आणि ज्येष्ठांसोबत तासभरच बघावं. एस-बानने पोइंगला गेलं तर तिथल्या प्राणी-उद्यानात मुलांना हरणांना हाताने चारता येतं. आमच्या मोठीला इतक्या वर्षांत सगळ्यांत जास्त आठवतं ते हेच, राजवाडे नव्हेत.

मग तळी. एस-सहा या एस-बानने श्टार्नबर्गला उतरलं की स्थानकाच्या बाहेरच पाणी आहे, रस्तासुद्धा ओलांडावा लागत नाही. ईस्टर ते ऑक्टोबर बोटी चालतात. बोटीत बसून दोन तास काठ बघत फिरायचं, उतरून आइसक्रीम खायचं, परत यायचं. याच तळ्यात १३ जून १८८६ ला बव्हेरियाचा राजा दुसरा लुडविग याचा मृतदेह सापडला. मृत्यूचं कारण आजही वादात आहे. बर्ग गावापाशी पाण्यात त्याच्या नावाचा क्रूस उभा आहे. आजोबांना नातवंडांना सांगायला गोष्ट मिळते, आणि पुढे त्याचे राजवाडे बघताना ती जुळत जाते.

टेगर्नझे तळ्याला जाणार असाल तर एक खबरदारी. म्युनिकच्या मुख्य स्थानकावर ही गाडी २७ ते ३६ क्रमांकांच्या फलाटांवरून सुटते आणि ते बाजूच्या भागात आहेत, मधल्या फलाटांपासून बरंच चालावं लागतं. दहा-पंधरा मिनिटं आधी पोचा. शिवाय गाडी वाटेत तुटते. एक भाग होल्त्सकिर्शेनहून बायरिशझेलला जातो, उरलेली शाफ्टलाखला दुभंगते, एक लेंगग्रीसला आणि एक टेगर्नझेला. डब्याच्या दाराजवळची पाटी वाचून चढा. आम्ही एकदा गप्पांच्या नादात चुकीच्या भागात बसलो आणि लेंगग्रीसला उतरलो. तिथे नदीकाठी शिदोरी सोडली आणि दिवस चांगलाच गेला, पण सासरेबुवांची गोळ्यांची वेळ चुकली आणि मला फार अपराधी वाटलं.

तळ्यांबद्दल आणखी एक गोष्ट आई-बाबांना आधीच शांतपणे सांगून ठेवा. फेरिंगाझेसारख्या काही तळ्यांवर आणि म्युनिकमधल्या इंग्लिश गार्डन या बागेतल्या एका हिरवळीवर लोक कपड्यांशिवाय ऊन खात बसलेले असतात. इथे ते सहज मानलं जातं, जागा ठरलेल्या आहेत. माहीत असलं की वाट वाकडी करता येते, अचानक समोर आलं की सगळ्यांचीच कुचंबणा होते.

आता राजवाड्यांकडे येते. २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोच्या एकाच अधिवेशनात जागतिक वारसा यादीत दोन नोंदी झाल्या. मराठ्यांचे बारा किल्ले आणि लुडविगचे राजवाडे: नॉयश्वानश्टाइन, लिंडरहोफ, शाखेन आणि हेरेनकीमझे. बाबांनी ही बातमी साताऱ्याहून मला फोनवर वाचून दाखवली. उभं आयुष्य त्यांनी राजगड, रायगड, साल्हेर पायी केलेले. "आपल्या किल्ल्यांबरोबर ज्यांचं नाव लागलं ते एकदा नीट बघायचेच," म्हणाले. पहिल्या फसलेल्या सहलीमुळे मी घाबरले होते, म्हणून या वेळी हेरेनकीमझे निवडला. ज्येष्ठांसोबत जाणाऱ्या प्रत्येकाला मी हाच सुचवेन.

कारण वाट सोपी आहे. प्रीनपर्यंत साधारण तासाभराची गाडी. स्थानकापासून कीमझे तळ्यावरचा धक्का दोनेक किलोमीटर. त्या अंतरासाठी १८८७ पासूनची एक चिमुकली रेल्वे आहे, हंगामात ठरावीक दिवशी धावते, इतर वेळी बस घ्यावी. धक्क्यावरून बोट, आणि बोटी बाराही महिने असतात. बेटावर उतरलं की तिकीटघर जवळच. तिथून राजवाडा वीस मिनिटांच्या सपाट-सावलीच्या वाटेवर, आणि हंगामात घोडागाडीही मिळते. आत मार्गदर्शकासोबतच जाता येतं, वेळ तिकिटावर असते. व्हर्सायच्या धर्तीवर बांधलेला, आरसेमहाल सोन्याने लखलखणारा, आणि काही दालनं उघड्या विटांची. राजा गेला आणि काम थांबलं. बाबा त्या कच्च्या विटांच्या जिन्यापाशी सगळ्यांत जास्त वेळ उभे होते.

तिथून त्याच बोटीने पुढे फ्राउएनइन्झेल हे छोटं बेट. मोटारी नाहीत, मुलांना मोकळं सोडता येतं. इसवी सन ७८२ मध्ये स्थापन झालेला ख्रिस्ती जोगिणींचा मठ आहे. जुनी लिंडनची झाडं आहेत. तळ्यातले धुरावलेले मासे पाव घालून देतात, मासे खाणाऱ्यांनी चुकवू नयेत. एका दिवसाला एकच ठिकाण हा नियम मी इथे मोडते, कारण मधला सगळा प्रवास बसून होतो.

नॉयश्वानश्टाइन बघायचाच असेल तर तिकीट आधी ऑनलाइन काढा आणि त्यावरची वेळ पाळा. खालून चढ तीस-चाळीस मिनिटांचा आहे. घोडागाडी आणि बस दोन्ही राजवाड्याच्या आधीच उतरवतात. घोडागाडीनंतर थोडा चढ उरतो, बस मारीनब्र्युके पुलाजवळ सोडते आणि तिथून राजवाड्याकडे उताराने दहा-पंधरा मिनिटं चालायचं. गुडघेदुखीला उतारही सोसत नाही, हे घरच्यांशी बोलून ठरवा. बर्फ असेल तर बस नसते. आतही जिने आहेत. आईने दुसऱ्या खेपेला खालच्या हॉहेनश्वानगाउ गावातल्या आल्पझे तळ्याकाठी धाकट्याला घेऊन बसणं पसंत केलं, बाबा आणि मोठी वर गेले. घरातले सगळे सगळीकडे गेलेच पाहिजेत असं नाही. ठरवून वाटे पडले तर कुणाच्या मनाला लागत नाही.

क्योनिगझे मला स्वतःला सगळ्यांत जवळचं, पण लांब आहे. बेर्श्टेसगाडेनपर्यंत अडीच-तीन तास, पुढे बस. १९०९ पासून या तळ्यावर विजेवर चालणाऱ्या बोटी आहेत, त्यामुळे पाणी आणि हवा दोन्ही शांत. मध्ये नावाडी बोट थांबवून तुतारी वाजवतो आणि कड्यावरून सूर परत येतो. आमच्या बोटीत त्या क्षणी सगळी मुलं एकदम गप्प झाली होती. सेंट बार्तोलोमाच्या लाल घुमटांच्या चर्चपर्यंत साधारण पस्तीस मिनिटं लागतात. उतरताच परतीच्या शेवटच्या बोटीची वेळ फळ्यावर बघा, फोटो नंतर. काठावर मुलांचा हात सोडू नका, तळं १९० मीटरपर्यंत खोल आहे आणि उन्हाळ्यातही पाणी गार असतं. ज्येष्ठांसोबत जाताना बेर्श्टेसगाडेनला एक रात्र मुक्काम करावा.

त्सुगश्पिट्से, जर्मनीचं सर्वोच्च शिखर, २,९६२ मीटर. २०१७ च्या डिसेंबरात सुरू झालेला रोपवे आइबझे तळ्यापासून दहा मिनिटांत जवळपास १,९५० मीटर वर नेतो. कळसूबाईची पूर्ण उंची १,६४६ मीटर आहे, त्यावरून अंदाज बांधा. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर भारतातून निघतानाच डॉक्टरांना विचारून यायला सांगा. तिकीट महाग आहे, म्हणून सकाळी घरूनच शिखरावरचा थेट कॅमेरा बघा. ढग असतील तर वर जाऊ नका, खाली आइबझेचा काठ धरा. पूर्ण फेरी सात किलोमीटरच्या वर आहे, पण सुरुवातीचा अर्धा तास चालून परत फिरलं तरी हिरवंनिळं पाणी दिसतंच.

पायरी ५: शिदोरी

बव्हेरियात एक सुंदर प्रथा आहे. बिअरगार्डनमध्ये आपलं जेवण घरून नेऊन खाता येतं, फक्त पेय त्यांच्याकडून घ्यायचं. टेबलावर कापड अंथरलेलं नसेल तिथे बसायचं, कापड असलेली टेबलं जेवण मागवणाऱ्यांची. इंग्लिश गार्डनमधल्या चिनी मनोऱ्याखाली आम्ही धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि काकडी मांडून बसलो तेव्हा शेजारची आजीही स्वतःचा चीज-मुळ्याचा डबा उघडत होती. दारू न घेणाऱ्यांनी 'अपफेलशोर्ले' मागावं, सफरचंदाचा रस आणि सोड्याचं पाणी. मुलांना आवडतं, आजोबांनाही.

नेण्यासारखं: तिखटमिठाच्या पुऱ्या, दुधातल्या दशम्या, धपाटे, कोरडी चटणी, गूळ-शेंगदाणे. वळणाच्या घाटात मळमळतं त्यांच्यासाठी आलेपाक. लोणच्याची बरणी भरलेल्या डब्यात उघडू नये, वास राहतो. नळाचं पाणी पिण्याजोगं आणि चवीला उत्तम आहे, बाटल्या घरूनच भरा. डोंगरातल्या कारंज्यावर 'काइन ट्रिंकवासर' लिहिलं असेल तर ते पिऊ नका. प्लास्टिकची बाटली विकत घेतलीच तर फेकू नका, बहुतेकींवर पंचवीस सेंट अनामत असते.

शाकाहारी माणसाला डोंगरातल्या खानावळीत चीज घातलेल्या श्पेट्सले (जाड शेवयांसारखा प्रकार), अळंबीच्या रश्श्यातले पावाचे गोळे किंवा काइझरश्मारन हे गोड धिरडं मिळतं. या तिन्हींत अंडं असतं, उपासाच्या किंवा अंडं न खाणाऱ्या ज्येष्ठांना आधी सांगा. शाकाहारी म्हटल्यावरही बटाट्यात डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे येऊ शकतात, म्हणून "ओन फ्लाइश, ओन श्पेक" (मांसाशिवाय, डुकराच्या मांसाच्या तुकड्यांशिवाय) असं दोन्ही शब्दांनी विचारायचं. काही ठिकाणी ब्रेत्सेल या खारट पावाच्या पिठातही चरबी घालतात, सासूबाईंसाठी आम्ही दर वेळी विचारतो.

पायरी ६: कागद आणि गोळ्या

आई-बाबांचा शेंगेन व्हिसा कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहू देतो, आणि येण्याचा व जाण्याचा दिवस दोन्ही मोजले जातात. परतीचं तिकीट ८८-८९ व्या दिवसाचं काढा, विमान रद्द झालं तर हाताशी दिवस राहतो. विमा किमान ३०,००० युरोचा लागतो. जुने आजार त्यात येतात का, हे वाचूनच घ्या.

साल्झबर्गला एका दिवसासाठी गेलात तरी सीमा ओलांडता. २०१५ पासून परतताना जर्मन पोलीस गाडीत तपासणी करतात. प्रत्येकाचा मूळ पासपोर्ट आणि आपलं रहिवासाचं कार्ड जवळ हवं, फोनमधला फोटो चालत नाही.

गोळ्या दोन ठिकाणी ठेवा, एक पुडी आईच्या पर्समध्ये, एक आपल्या पिशवीत. औषधांची मूळ रासायनिक नावं इंग्रजीत लिहिलेला कागद सोबत असू द्या, भारतातली ब्रँडची नावं इथल्या औषधवाल्याला कळत नाहीत. तातडीला ११२, डोंगरातली बचाव-सेवाही याच क्रमांकावर. तातडी नसेल पण डॉक्टर हवा असेल तर ११६११७. आई-बाबांच्या खिशात आपला पत्ता आणि फोन लिहिलेली चिठ्ठी ठेवा, त्यांचा मोबाइल बंद पडू शकतो. आणि स्वच्छतागृहांसाठी पन्नास सेंट व एक युरोची नाणी वेगळ्या बटव्यात.

मोटारीने जाणाऱ्यांसाठी थोडक्यात: भारतीय परवाना इथे राहायला आल्यापासून सहा महिनेच चालतो, बारा वर्षांखालच्या आणि १५० सेंटीमीटरपेक्षा बुटक्या मुलांना खास आसन लागतं, ऑस्ट्रियाच्या महामार्गाला वेगळा पथकर-परवाना घ्यावा लागतो.

पायरी ७: त्या दिवशी

आम्ही नऊच्या आसपासची गाडी धरतो आणि संध्याकाळी पाच-सहाला परत फिरतो. पोचल्यावर आधी स्वच्छतागृह, मग बाक, मग बघणं. चालण्याचं सगळं काम दुपारच्या जेवणाआधी उरकतो. जेवणानंतर बोट किंवा झाडाची सावली, कारण धाकटा तेव्हा झोपतो आणि आजोबाही. चार वाजता थर्मासमधला चहा. दर तासाला मी आईकडे बघते. ती बोलायची थांबली की दमलेली असते, तिला विचारून उपयोग नसतो, सरळ बसायचं. परतीच्या दोन गाड्या आधीच ठरवलेल्या असतात, एक हवी ती आणि एक तासाभराने पुढची, म्हणजे धावावं लागत नाही.

घरी आल्यावर त्याच रात्री पिशवी रिकामी करून नाण्यांचा बटवा पुन्हा भरून ठेवायचा. बाबा तेवढ्या वेळात त्यांची वही काढतात. गड चढायचे तेव्हापासून त्यांना टिपणं ठेवायची सवय आहे, पाणी कुठे, वाट कुठे चुकते. आता त्याच वहीत म्युनिकची पानं आहेत. कीमझेच्या पानावर लिहिलंय: "प्रीनला जाताना उजवीकडे बसावे, डोंगर दिसतात. धक्क्यावर बाक आहेत. घोडागाडी घेतली. तिचा गुडघा दुखला नाही."